चॉकलेट कोणत्या फळीवर ठेवायचे?

मित्रांनो, मी गोळ्या-मिठाईच्या एका दुकानातली जुनी काचेची मांडणी आहे. मला चार फळ्या आहेत, पुढे दोन सरकत्या काचा आहेत आणि पाठीला आरसा आहे. माझ्याविषयी इतकेच मला खात्रीने सांगता येते. बाकी बऱ्याच गोष्टींचा माझ्या मनात गोंधळ आहे आणि वय झाले तरी तो मिटलेला नाही. तरीही माझी हकीकत ऐका. तुमच्यापैकी कुणाला तरी ती माझ्यापेक्षा जास्त उमजेल.

मला ज्या सुताराने घडवले तो फार बोलका होता. रंधा थांबला तरी त्याचे तोंड थांबत नसे. दुकानाचे मालक तेव्हा तरुण होते. नुकतेच लग्न झालेले आणि दुकानही नवे. ते रोज मागच्या अंगणात येऊन माझ्याकडे बघत उभे राहत.

"यात ठेवणार काय?" सुताराने एकदा विचारले.

"सगळं गोडच."

"मग चार फळ्या कशाला? एकच लांब करून देतो. लाकूड वाचेल."

मालकांना हे चांगलेच झोंबले. "अहो, गोड म्हणजे काय सगळं एकच असतं का?" असे म्हणून त्यांनी हाताने हवेत फळ्या दाखवायला सुरुवात केली. सगळ्यांत वर पाहुण्यांकडे न्यायच्या खोक्यांची जागा. त्याखाली दुधाची टॉफी, साखरेत घोळवलेले बदाम आणि मुरवलेली संत्र्याची साल. तिसऱ्या फळीवर मुलांच्या डोळ्यांसमोर येतील अशा रंगीत गोळ्या. तळाशी केक आणि बिस्किटे, कारण ती जड. "प्रत्येकाची जागा ठरलेली असते. जागा चुकली की चव चुकते," मालक म्हणाले. सुताराने कानामागची पेन्सिल काढून कान खाजवला आणि मुकाट्याने चार फळ्या बसवल्या.

मलाही तेव्हा ते पटले होते. माझी सुरुवातीची वर्षे त्यामुळे फार सुखाची गेली. काय कुठे आहे हे मला झोपेतही सांगता आले असते.

मागच्या खोलीत तांब्याच्या मोठ्या भांड्यात साखरेचा पाक उकळे. मालक पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडत, तो तडकल्याचा आवाज येतो का ते कान देऊन ऐकत आणि मग जिभेच्या टोकाला लावत. त्यांच्या जिभेची मोठी ख्याती होती. लिंबू आज चिरलेले की काल, दूध कोणत्या गवळ्याचे, हे त्यांना नुसत्या चाटण्यावरून कळे. लोक म्हणत, "काकांच्या जिभेत तराजू बसवलाय." मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत. काचेवर नाकांचे आणि ओठांचे गोल ठसे उमटत आणि संध्याकाळी मावशी ते पुसत.

या मावशी म्हणजे कुणाच्याच सख्ख्या मावशी नव्हत्या. त्या दुकानात विक्रीचे काम करत. आधी पाण्यात थोडा व्हिनेगर घालून, मग कोरड्या वर्तमानपत्राने, अशी माझी काच त्या पुसत, आणि पुसताना माझ्याशी बोलतही असत. मालकांची बायको आजारपणात गेली तेव्हा त्यांची मुलगी शाळेत जात होती. मालक तिला चिमणी म्हणत. त्यानंतर चिमणीची वेणी रोज सकाळी मावशींनी घातली, माझ्या आरशात बघून. चिमणीला जागेवर बसवणे सोपे नव्हते. मावशी तिच्या तोंडात एक गोळी सरकवत आणि ती विरघळेपर्यंत वेणी पुरी करत.

चिमणी मोठी झाली आणि दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या स्वयंपाकघरात काम शिकायला गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक सपाट परात होती आणि परातीत चकचकीत काळपट तुकडे होते. वास माझ्यापर्यंत आला आणि माझा गोंधळ तिथपासून सुरू झाला. तो वास गोड नव्हता. भाजलेल्या कशाचा तरी होता, थोडा लाकडाचा होता, आणि तरीही दुकानातले प्रत्येक गिऱ्हाईक मान वळवून त्या परातीकडे पाहू लागले.

"बाबा, खाऊन बघा. चॉकलेट आहे, मी केलेलं."

मालकांनी तुकडा दातांखाली धरला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"चिमणे, हे कडू आहे."

"थोडं कडू, थोडं गोड."

"एक काय ते ठरव. माझ्याकडे कडूची फळी नाही."

"दुसऱ्या फळीवर ठेवून बघू, टॉफीशेजारी."

तिथे ते ठेवले आणि काही दिवसांतच त्याला संत्र्याच्या सालीचा वास लागला. शेजाऱ्याचा वास इतक्या पटकन उचलणारा पदार्थ मी पाहिला नव्हता. मग चिमणीने ते वर खोक्यांच्या फळीवर नेले. तिथे माझा दिवा होता. दिव्याच्या उष्णतेने तुकडे मऊ झाले, रात्री पुन्हा घट्ट झाले आणि त्यांच्यावर पांढुरका थर आला. सकाळी मालकांनी तो पाहिला आणि बुरशी समजून सगळी परात कचऱ्याच्या डब्यात उपडी केली.

"बुरशी नव्हती ती!" चिमणी ओरडली. "गरम झालं की आतलं कोकोचं लोणी वर येतं. खायला काही होत नाही त्याला."

"लोणी वर येवो नाहीतर खाली जावो, गिऱ्हाईकाला पांढरं दिसतं. माझ्या दुकानात पांढरं पडलेलं काही विकलं जाणार नाही."

"मला विचारायचं तरी!"

"माझ्या दुकानात मी विचारायचं?"

दोघांचेही म्हणणे मला बरोबर वाटले आणि त्यामुळे मी जास्तच गोंधळले. त्यानंतर बाप-लेकीचा अबोला सुरू झाला. एकाच खोलीत दोघे काम करत आणि निरोप मात्र मावशींच्या हाती जात. "मावशी, बाबांना सांग, मोठी कढई मला लागणार आहे." "मावशी, तिला सांगा, धुऊन ठेवायला विसरू नको."

"मी काय पोस्ट आहे का?" मावशी वैतागून म्हणाल्या.

टॉफी घ्यायला आलेला पोस्टमन दारातून म्हणाला, "नाही, पोस्ट मी आहे."

तेव्हा दोघांनाही हसू आले आणि अबोला मोडला. मग मावशींनीच बिस्किटांचे डबे एका बाजूला रेटले आणि तळाच्या फळीचा डावा कोपरा रिकामा केला. तो कोपरा जमिनीजवळ होता, दिव्यापासून लांब होता आणि थंड होता. चॉकलेट तिथे टिकले.

टिकले, पण ते आहे काय, हे काही ठरेना. शाळेतल्या बाई म्हणत, हे जेवणानंतरचे आहे. एक आजोबा नातवाला दात घासायला लावण्यासाठी ते घेऊन जात. एका बाईंनी ते सर्दीवर चालते का असे विचारले. एक उंच माणूस दुपारच्या कामातून धावत येई, एक तुकडा घेई आणि रस्त्यावर उभ्या उभ्या खाऊन निघून जाई. त्याचा चेहरा मात्र कधी आनंदी दिसला नाही. आणि मालक प्रत्येकाला ऐकवत, "ती माती आहे हो, माती. लेकीचा हट्ट म्हणून ठेवलीय." हे ऐकून लोक हसत आणि मातीच बांधून नेत.

मित्रांनो, मग त्या थंडीत मालकांना ताप आला. ते बरेच दिवस दुकानात दिसले नाहीत. परत आले तेव्हा त्यांचा अंगरखा खांद्यांवरून लोंबत होता. सगळ्यांनी त्यांची विचारपूस केली. "आता काही त्रास नाही," असे ते प्रत्येकाला म्हणाले आणि लगेच पाक चढवायला मागे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सगळ्यांच्या आधी एकटेच आले. दुकानाचे दार त्यांनी आतून लोटून घेतले आणि माझी काच सरकवली. तिसऱ्या फळीवरची लिंबाची पिवळी गोळी तोंडात टाकली, गालात इकडून तिकडे फिरवली आणि रुमालात काढून ठेवली. मग टॉफी चघळली. मग बदाम. प्रत्येक वेळी ते थांबत आणि समोर बघत राहत, जसे कुणी दार ठोठावून आतून ओ येण्याची वाट बघतो. शेवटी ते अवघडत खाली वाकले, तळाच्या फळीवरचा सगळ्यांत काळा तुकडा त्यांनी उचलला आणि तोंडात ठेवला. त्यांचे डोळे मिटले. ते तिथेच स्टुलावर बसले आणि तो तुकडा विरघळेपर्यंत हलले नाहीत.

मला काहीच समजेना. हा माणूस दिवसभर ज्याला माती म्हणतो, ते सकाळी लपून का खातो? आवडते, तर सांगत का नाही? आवडत नाही, तर खातो कशाला?

हे रोज होऊ लागले. गोळी, टॉफी, बदाम यांना ते हळूहळू हात लावीनासे झाले. ते थेट खाली वाकत. खाऊन झाले की उरलेले तुकडे जरा लांब लांब मांडत, म्हणजे जागा भरल्यासारखी दिसे. मग ओठ पुसून पाक चढवायला जात.

त्याच सुमारास दुकानातल्या गोड वस्तूंचेही काहीतरी बिनसले. लिंबाच्या गोळीत लिंबू लागेना. टॉफी दाताला साखरेने करकरू लागली. पोस्टमन एकदा म्हणाला, "काका, हल्ली साखरेचा हात सैल झालाय वाटतं."

"तुमच्या तोंडाची चव गेली असेल," मालक ताडकन म्हणाले आणि बोलता बोलता एकदम गप्प झाले.

मावशींनी एक गोळी खाऊन पाहिली होती. त्या हळूच म्हणाल्या, "मालक, थोडं जास्तच गोड झालंय खरं."

"इतकी वर्षं गोळ्या मी करतोय की तुम्ही?"

 मावशींनी कापड घेतले आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

इकडे चिमणीचे मात्र चांगले दिवस येऊ घातले होते. चौकातल्या मोठ्या हॉटेलचा आचारी एक दिवस स्वतः दुकानात आला. तो म्हणाला, "जेवणाच्या शेवटी आम्ही केक देतो. लोकांना त्याचा कंटाळा आलाय. तुमचं ते काळं चॉकलेट देऊन बघावं म्हणतो. आमच्या मालकीणबाईंना चाखायला एक खोकं आणून द्या. त्यांना पटलं तर रोजचं काम तुमचं."

चिमणीने हे मालकांना सांगितले नाही. काम पक्के झाले की मगच त्यांच्यासमोर ठेवायचे, म्हणजे पुन्हा कधी ते माती म्हणणार नाहीत, असे तिने मावशींना माझ्यासमोरच सांगितले. तिने फार निगुतीने ते तुकडे केले. एका साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पातळ कागदावर रांगेने लावले आणि संध्याकाळी जाताना माझ्या तळाच्या कोपऱ्यात ठेवले. त्या दिवशी तिथे दुसरे चॉकलेट नव्हते.

सकाळी मालक आले. खाली वाकले. त्यांनी खोक्याचे झाकण उघडले. मित्रांनो, तेव्हा मला जीभ असती तर! पण काच नुसती काच असते. ते स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी एका तुकड्यावर भागवले नाही. एक संपला की हात आपोआप खोक्याकडे जाई. बऱ्याच दिवसांच्या भुकेल्या माणसासारखे ते खात होते. भानावर आले तेव्हा खोके निम्मे रिकामे झाले होते. त्यांनी झाकण लावले आणि ते घाईने मागे निघून गेले.

थोड्या वेळाने चिमणी हॉटेलात जायच्या तयारीने आली. नवे कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. तिने खोके उचलले. ते हलके लागले तसे तिने झाकण काढले आणि ती तशीच उभी राहिली.

मावशी नुकत्याच येऊन एप्रन बांधत होत्या.

"मावशी," चिमणी म्हणाली, "या खोक्याला कोणी हात लावला?"

"मी आत्ता आले गं. का? काय झालं?"

"दुकानाची किल्ली बाबांकडे आणि तुमच्याकडेच असते. बाबा याला हातसुद्धा लावत नाहीत." चिमणीने खोके मावशींपुढे धरले. "गेले किती दिवस कोपऱ्यातले तुकडे कमी होताहेत. मी काही बोलले नाही. पण हे खोकं कशासाठी आहे ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही घेतले का?"

 मावशींनी अर्धवट बांधलेला एप्रन सोडला.

"घेतले का विचारलंस, त्याचं एवढं नाही," त्या म्हणाल्या. "पण आजपर्यंत मला तू म्हणत होतीस. आज एकदम तुम्ही झाले?"

त्यांनी एप्रनची घडी घातली. किल्ली माझ्या माथ्यावर ठेवली. लाकडावर तिचा लहानसा आवाज झाला. मागच्या खोलीच्या दारात मालक उभे होते आणि त्यांचा हात तोंडावर होता. मला वाटले, आता ते बोलतील. आता नक्की बोलतील. त्यांनी हात खाली घेतला, ओठ हलवले, आणि त्यातून काहीच निघाले नाही. मावशी बाहेर गेल्या. दाराची घंटा वाजली आणि थांबली.

चिमणी माझ्यासमोर जमिनीवरच बसली. नव्या कपड्यांचेही तिला भान नव्हते. मला तिचा राग आला. मग तिची दया आली. मग मालकांचा राग आला, आणि त्यांचा चेहरा पाहून तोही टिकेना. मालकांखेरीज खरे काय ते एकट्या मला माहीत होते, पण त्या खऱ्याचा अर्थ मला कुठे माहीत होता?

सकाळ कशीबशी गेली. गिऱ्हाईके येत, "मावशी कुठे आहेत?" असे विचारत. चिमणी खाली मान घालून सामान बांधून देई. दुपारी एक लहान मुलगी आली. तिने लाल गोळी घेतली, तोंडात टाकली आणि आपल्या आईला म्हणाली, "आई, ही नुसती साखर आहे." आईने तिला दटावले. मालक गल्ल्यापाशी उभे होते. त्यांनी ते ऐकले. ते मुलीकडे बराच वेळ बघत राहिले. मग एप्रनसकट, टोपीसकट रस्त्यावर निघून गेले. भर दुपारी त्यांनी दुकान सोडल्याचे मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

ते परत आले तेव्हा मावशी त्यांच्या पुढे चालत होत्या. मावशींचा चेहरा कठोर होता. पोस्टमन त्याच वेळी दुकानात होता. तो शहाणा माणूस. तो बाहेर जायला निघाला. मालक म्हणाले, "थांबा तुम्ही. तुम्हालाही उलट बोललो होतो मी."

त्यांनी माझी काच सरकवली आणि लिंबाची गोळी काढून तळहातावर धरली.

"चिमणे, डोळे मिटून ही गोळी तोंडात टाकली तर ती गोळी आहे की काचेचा खडा, ते मला सांगता येत नाही. ताप गेला तो माझ्या जिभेवरचं गोड घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईल. येईल किंवा नाही येणार. मी कोणाला सांगितलं नाही. मिठाईवाल्याला गोड कळत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

"बाबा..."

"थांब, संपलं नाही अजून. कडू तेवढं कळतं मला. तुझं ते काळं चॉकलेट तोंडात टाकलं की पहिल्यांदा कडू येतं. आणि त्याच्या मागून हळूच आणखी काहीतरी येतं. ते गोड आहे की गोडाची नुसती आठवण आहे, मला ठरवता येत नाही. ते धरायला जातो तोवर तुकडा संपतो. म्हणून दुसरा घेतो." ते मावशींकडे वळले. "तुकडे मी खाल्ले. रोज मीच खाल्ले. सकाळी दारात उभा राहून सगळं ऐकलं आणि गप्प बसलो. ते खाण्यापेक्षा वाईट."

 चिमणी एकदा बापाकडे बघे, एकदा मावशींकडे. आधी कोणाकडे जावे हेच तिला कळत नव्हते. मग ती मावशींपाशी गेली.

"मावशी, चुकले मी. तू मला मार हवं तर."

"मारण्याइतकी लहान राहिलीस का तू आता?" मावशी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज अजून सैल पडला नव्हता. "माझा राग इतक्यात जायचा नाही. जाईल तेव्हा जाईल. तोवर कामाचं बोलू. मालक, पाक तुम्हीच करा. तुमचा कान आणि डोळा शाबूत आहे. चाखायचं काम माझं. माझे निम्मे दात गेले असतील, पण जीभ जागेवर आहे. मी जास्त गोड म्हटलं, की जास्त गोड. मग उलट बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मालक म्हणाले.

पोस्टमन म्हणाला, "मीसुद्धा चाखायला येत जाईन. फुकट." तेव्हा मावशी पहिल्यांदा हसल्या, अगदी थोडेसे, आणि त्यांनी माझ्या माथ्यावरची किल्ली उचलून कमरेला लावली.

चिमणी उरलेले निम्मे खोके घेऊन तशीच हॉटेलात गेली. आल्यावर तिने तिकडची हकीकत सांगितली. तिने आचाऱ्याला खरे तेच सांगितले होते, की बाकीचे बाबांनी खाल्ले. आचारी म्हणाला, "ज्यांनी आयुष्यभर मिठाई केली त्यांनी निम्मं खोकं संपवलं? मग आणखी काय चाखायचं?" मालकीणबाईंनी चाखले आणि त्यांना पटले. हॉटेलात जेवणाच्या शेवटी काळ्या चॉकलेटचा तुकडा देऊ लागले. पण तिथेही गोंधळच. काही लोक तो खाऊन झाल्यावर हात पुसत आणि वाढप्याला विचारत, "मग गोड कधी आणणार?"

पुढची वर्षे दुकानाची भरभराट झाली. आता मालक पाकाचा थेंब पाण्यात सोडून कान देत आणि मावशी जीभ लावत. दोघांची रोज खडाजंगी होई आणि गोळ्या पूर्वीसारख्या होत. चॉकलेट मात्र इतके खपू लागले की माझा डावा कोपरा त्याला पुरेना. चिमणीने थंड हवेची एक नवी काचेची पेटी आणली. ती आतून गुणगुणते आणि तिचा दिवा गरम होत नाही. दुकानाच्या दर्शनी जागेवर तिला ठेवले आणि मला मागच्या खोलीत हलवले. चॉकलेटला आपली जागा मिळाली आणि माझी गेली. याचा मला आनंद झाला की वाईट वाटले, ते तुम्हीच ठरवा. मला नक्की सांगता येत नाही.

आता माझ्या एका काचेच्या जागी प्लायवूड आहे. आरशाचा पारा उडाला आहे. फळ्यांवर साचे, झाकणे, सुतळीचे गुंडे आणि एक कुणाची तरी छत्री आहे. मावशी थकल्या आहेत, त्यामुळे माझ्यावर धूळ साचते. पण मालक माझ्या शेजारीच खुर्ची टाकून बसतात. तेही आता काम करत नाहीत. त्यांचे गोड परत आलेले नाही. चिमणी प्रत्येक नव्या घाण्यातला तुकडा त्यांना आणून देते आणि ते सांगतात, "आज भाजक्या शेंगेसारखं लागलं," किंवा "आज ओल्या लाकडासारखं." ती ते ऐकते आणि त्याप्रमाणे भाजणे कमी-जास्त करते.

परवाची गोष्ट सांगते. चिमणीने कोको नुसताच दळून पातळ केला होता. साखर अजून घालायची होती. ओट्याच्या फरशीवर सांडलेला एक थेंब गार होऊन घट्ट झाला होता. मालकांनी हात लांब करून तो उचलला आणि तोंडात टाकला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे डोळे मिटले. मग ते उघडले आणि ते म्हणाले,

"चिमणे, गोड आहे हे."

चिमणीच्या हातातला झारा थांबला. मावशी साखरेच्या डब्याशी उभ्या होत्या. डब्याचे झाकण अजून उघडलेही नव्हते. "अहो, त्यात तर..." असे त्या म्हणू लागल्या. चिमणीने त्यांचा हात धरला. मग तिने फरशीवरचा दुसरा थेंब खरवडून काढला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. कडूपणाने तिचा सगळा चेहरा आक्रसला. तरी तिने तो थुंकला नाही. ती बापाच्या खुर्चीशेजारी खाली बसली आणि तो विरघळेपर्यंत बसून राहिली.

"लागतंय का?" मालकांनी विचारले.

"थांबा," ती म्हणाली. "शोधतेय."

मित्रांनो, मालकांचे गोड खरेच परत आले, की त्यांना तसा भास झाला, की त्या कडू थेंबात आधीपासून काही गोड होते आणि ते बाकी कोणाला सापडत नव्हते, हे मला सांगता येणार नाही. चॉकलेट कोणत्या फळीवर ठेवायचे हेही मला शेवटपर्यंत कळले नाही. मी एक मांडणी आहे. मला उपदेश करता येत नाही. फक्त एक विनंती करते. तुमच्या घरी कुणी ताटातले नुसते चिवडत बसले असेल, किंवा काही लपून खात असेल, तर त्याच्यावर ओरडण्याआधी, कुणावर आळ घेण्याआधी, त्याला एकदा विचारा, "तुला चव लागते ना?" आणि तो जे सांगेल ते तुम्हाला चुकीचे वाटले, तरी लगेच हसू नका. त्याच्या शेजारी बसा आणि तोच घास तुम्हीही खाऊन बघा.

जमले तर एखाद्या दिवशी माझी धूळही पुसा. आधी व्हिनेगरचे पाणी, मग कोरडे वर्तमानपत्र.